वीतभर पाण्यातलं दुसरं जहाज

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि वाचताना माझं अर्धं लक्ष यात माणसाचा हात कुठे आहे ते शोधण्यात असतं. दार आपोआप उघडलं... कडी सैल असेल. कुणीतरी हाक मारली... शेजारच्या घरी मारली असेल. माझा पहिला संशय माणसावर जातो आणि दुसरा यंत्रावर. तिसऱ्या संशयाची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. म्हणून आधीच सांगते, मी कुणाला काही पटवून द्यायला बसलेली नाही. मोजलेलं तेवढं सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा तेल्हाऱ्याजवळच्या गावात दोन एकरांत भाजीपाला लावतात. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर... आणि गुरुवारच्या बाजारात स्वतः विकतात. मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता पीएचडी केली. विषय होता उथळ आणि अरुंद पाण्यात जहाज कसं वागतं. हो, जहाज. समुद्र इथून कुठल्याही बाजूला शेकडो किलोमीटर लांब आहे हे मला ठाऊक आहे. ते मला आजवर इतक्या लोकांनी सांगितलंय की आता मी हसते पण नाही.

विषय थोडक्यात असा. खोल पाण्यात जहाज मोकळं चालतं. पण बंदराच्या तोंडाशी, कालव्यात, नदीत त्याच्या तळाखाली पाणी थोडंच उरतं. ते पाणी चिंचोळ्या जागेतून वेगानं मागे पळतं, दाब कमी होतो आणि जहाज चक्क खाली बसतं. दोन जहाजं अरुंद पाण्यात जवळून गेली तर आधी एकमेकांना लोटतात, मग ओढतात, मग पुन्हा लोटतात. ग्राफवर आधी एक टेकडी येते, मग खोल दरी, मग छोटी टेकडी. हा आकार एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही. बाजूच्या जहाजावर पडलेला जोर आणि पाण्याची उतरलेली पातळी, एवढ्यावरून शेजारून गेलेलं जहाज किती लांब, किती खोल बुडालेलं आणि किती वेगाचं होतं ते उलट काढायचं गणित मी बसवत होते. माझ्या प्रबंधाचा पाचवा भाग तोच. बाकीच्या भागांचं मी सांगत नाही, पण तो भाग माझा स्वतःचा होता.

माझे गाइड, त्यांना मी इथे नुसतं 'सर' म्हणते, आयुष्यभर समुद्राकाठी नोकरी करून अमरावतीला परत आलेले. शिस्तीचे, कोरडे. मॉडेल ओढून प्रयोग करायला लांबलचक टाकी लागते. समुद्राकाठच्या टाक्यांसाठी रांग मोठी. तेव्हा मला आमच्या गावाच्या उत्तरेचा जलसेतू आठवला. धरणाचा कालवा तिथे एका नाल्यावरून जातो. खांबांवर उभी असलेली, एकशेवीस मीटर लांब, अडीच मीटर रुंद, सरळसोट सिमेंटची पेटीच ती. गावात तिला नुसता 'पूल' म्हणतात. सिंचनाच्या दोन पाळ्यांमध्ये कालवा बंद असतो. डोंगराकडच्या टोकाला लोखंडी गेट आहे. खालच्या टोकाला रेतीची पोती रचली की वीतभर पाणी आत निवांत उभं राहतं. वारा सुटायच्या आधी, सकाळी सात ते साडेनऊ काम करायचं. पाटबंधारे खात्याच्या शाखा ऑफिसची रीतसर परवानगी काढली.

मॉडेल अकोल्याच्या एका कारागिरानं केलं. त्याचा धंदा फायबरच्या टाक्या करायचा. पाच फुटी, मालवाहू जहाजाचं. तो मला म्हणाला, "मॅडम, याच्यात गणपती बसवून राह्यले का?"

गावातल्या लोकांना गणपतीची नाही, पाणीपट्टीची शंका होती. पहिल्याच दिवशी चार शेतकरी कठड्यावर येऊन उभे राहिले. तार ताणलेली, मोटार, लॅपटॉप... त्यातला एक म्हणाला, "महादेवभाऊची पोट्टी पाणी मोजून राह्यली. आता बिल वाढते पाहा."

"जहाजाचा अभ्यास हाये बाप्पा तिचा," बाबा म्हणाले.

"जहाजाचा? तेल्हाऱ्यात? मंग त पक्कं वाढते बिल."

बाबा रोज सकाळी माझ्याबरोबर यायचे. पोती बसवायची, तार ताणायची, ही कामं त्यांची. एक गोष्ट त्यांनी मला शिकवली. मॉडेल एकदा ओढलं की पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं असतं. मी घड्याळ लावून पंचवीस मिनिटं थांबायचे. बाबा शेतात वाफ्याला पाणी सोडताना करतात तसं करायचे. कापसाची चिमूट मोकळी करून पाण्यावर सोडायची आणि बघत बसायचं. कापूस हलला की पाणी हललं. "तुह्यं घड्याळ खोटं बोलते," म्हणायचे. आणि दोनदा खरंच कापूस अठ्ठाविसाव्या मिनिटाला हलताना मी पाहिला.

पहिले तेहतीस रन, म्हणजे मॉडेल ओढायच्या फेऱ्या, सरळ गेले. चौतिसावा बिघडला.

सकाळचे पावणेआठ. मॉडेल पुलाच्या मध्यावर होतं. बाजूचा जोर मोजणाऱ्या सेन्सरवर अचानक टेकडी आली, मग दरी, मग टेकडी. त्याच वेळी भिंतीला लावलेल्या पातळीच्या सेन्सरवर पाणी आठ मिलिमीटर उतरलं आणि थोड्या वेळात परत भरलं. मी मान वर करून पाहिलं. पाणी, तार, मॉडेल आणि लांब कठड्यावर बसून बिडी ओढणारे श्रीरामभाऊ.

श्रीरामभाऊ पाटकरी आहेत, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारे-बंद करणारे. गेट फिरवायचं हँडल फक्त त्यांच्याकडे.

आता आमच्याकडचा माणूस कालव्याचं पाणी उतरलेलं पाहिलं की काय समजतो? कुणीतरी पाइप टाकला. आणि परत भरलेलं पाहिलं की? पाटकऱ्यानं गेट बोटभर उचलून झाकून घेतलं. यात विचार करायला काही उरतच नाही. मी लहानपणापासून हेच ऐकत आले. पुण्या-मुंबईच्या एखाद्या रिसर्च स्कॉलरनं आधी सेन्सर तपासला असता. मी पुलाखाली उतरून पाइप शोधला.

पाइप नव्हता. नाल्याची रेती कोरडी होती. तरी माझा संशय गेला नाही. उलट वाढला, की इतक्या सफाईनं?

दुसऱ्या दिवशी एकोणचाळिसावा रन तसाच बिघडला. तिसऱ्या दिवशी पंचेचाळिसावा. दर सकाळी एक, साडेसात ते आठच्या मधे. मी ते गृहीतच धरलं की ही त्यांची ठरलेली वेळ आहे. तिसऱ्या दिवशी मी सरळ कठड्यावर गेले आणि चार माणसांसमोर म्हटलं, "श्रीरामभाऊ, पाणी कुणाला देऊन राहिले तुम्ही? माझ्याकडे मिनिटासकट नोंद आहे."

त्यांनी बिडी विझवली. "काय देऊन राह्यलो?"

"रोज पावणेआठला पाणी उतरतं आणि तुम्ही गेट उचलून भरून देता."

"मॅडम," ते म्हणाले... लहानपणी मला कडेवर घेतलेला माणूस, त्यानं मला वर्षा म्हटलं नाही, "तुमाले जहाज चालवता येते, मले पाणी चालवता येते. इतके वर्सं झाले, थेंब नाई इकला म्या. गेटाले हात लावला असन त दाखवा."

बाकीचे तिघं ऐकत होते. आमच्याकडे ऐकलेलं तिघांपुरतं राहत नाही. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत शाखा ऑफिसातून श्रीरामभाऊंना मेमो आला. पाणीचोरीस सहकार्य केल्याची तक्रार, खुलासा द्यावा. तक्रार मी केली नव्हती. पण बोलले मीच होते.

बाबा त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "गेट उचललं असतं त पाणी कोन्या अंगानं आलं असतं वं?"

घास हातात तसाच राहिला. गेट उचललं तर लाट गेटाकडून यायला पाहिजे. माझ्याकडे पातळीचा एकच सेन्सर लावलेला. कुठल्या बाजूनं आली ते मी पाहिलंच नव्हतं! पीएचडी करणाऱ्या बाईनं नाही पाहिलं, आणि मेथीच्या वाफ्याला पाणी देणाऱ्या माणसानं जेवता जेवता विचारलं.

चौथ्या सकाळी मी दोन सेन्सर लावले, साठ मीटर अंतरानं. एक्कावन्नावा रन बिघडला. पाणी आधी पोत्यांच्या बाजूला उतरलं, नंतर गेटाच्या बाजूला. म्हणजे ते गेटाकडून आलं नव्हतं, गेटाकडे गेलं होतं. आणि दोन सेन्सरमधलं अंतर कापायला त्याला शंभर सेकंद लागले.

हे शंभर सेकंद मला पाणीचोरीपेक्षा वाईट वाटले. वीतभर पाण्यात लाट किती वेगानं जाते हे ठरलेलं आहे, त्यात कमी-जास्त होत नाही. सेकंदाला सव्वा मीटरहून जास्त. साठ मीटर तिनं पन्नास सेकंदांच्या आत कापायला हवं. हे त्याच्या निम्म्या वेगानं गेलं होतं. लाट इतकी हळू जाऊ शकत नाही. इतक्या हळू पाण्याला दाबत जायचं असेल तर पाण्यात काहीतरी चालत असावं लागतं.

मी चारही ग्राफ सरांना पाठवले आणि फोन केला.

सरांनी ते उघडून पाहिले. मग म्हणाले, "वर्षा, हा आकार मी पाहिलाय."

"पुस्तकात पाहिला असेल सर. समोरून येणारं जहाज."

"तेच म्हणतोय. पुस्तकातल्यासारखा आहे. पुस्तकातल्यापेक्षा स्वच्छ आहे. कुठून आणलास?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारताहेत. मग कळलं.

"सर, मी बनवलाय असं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. मी विचारतोय. तुझ्या पाचव्या भागाला नेमका हाच डेटा हवा होता. दुसरं मॉडेल करायला वेळ नव्हता, आणि रिकाम्या पाण्यातून तो चालून आला. बाहेरचा परीक्षक काय समजेल?"

"खोटंच लिहायचं असतं तर दुसरं मॉडेल होतं असंच लिहिलं असतं ना सर? नव्हतं म्हणून कशाला सांगितलं असतं?"

"मी परवा येतो," सर म्हणाले. "माझा लॉगर आणतो, नोंद त्याच्यावर घेऊ. तुझ्या एकाही वायरला हात लावायचा नाही. तोवर प्रगती-अहवालावर मी सही करणार नाही."

सही नाही म्हणजे मुदत संपणार, नोंदणी रद्द. सहा वर्षांचं काम. पण खरं सांगू? नोंदणीपेक्षा तो शब्द मला जास्त लागला, 'कुठून आणलास'. तेव्हाच मला कळलं की मेमो हातात घेतल्यावर श्रीरामभाऊंना काय झालं असेल.

सर आदल्या संध्याकाळी अकोटला येऊन थांबले आणि सकाळी साडेसहाला पुलावर. मी श्रीरामभाऊंनाही बोलावून आणलं. ते येईनात. मी म्हटलं, तुमच्यासमोर मोजते, मग जे दिसेल ते लिहून देते. तेव्हा आले. माझ्याशी बोलले नाहीत, बाबांशी बोलले.

सरांनी सगळं स्वतः केलं. माझे सेन्सर काढले, आपले लावले. गेटाला स्वतःच्या हातानं दोरी बांधून गाठीवर सही केलेली पट्टी चिकटवली. हँडल आपल्या गाडीच्या डिकीत ठेवलं. पोत्यांपलीकडे जाऊन आले. पलीकडे कालवा कोरडा, शेळ्या चरत होत्या. पुलाखाली पण उतरून आले, पँट चिखलानं नाही, कोरड्या रेतीनं मळली. मग म्हणाले, "मॉडेल ओढायचंच नाही. मधोमध भिंतीशी बांधून ठेवा. काल संध्याकाळपासून पाण्यात काही हललेलं नाही ना? मग आज काहीही आलं तर ते मॉडेलचं नाही."

मॉडेल बांधलं. बाबांनी न विचारता कापसाच्या चिमटी सोडल्या, कठड्यावरून चालत, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांढरी रेघ पाण्यावर. सर म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "पाणी हललं की कळतं." सरांनी घड्याळ पाहिलं.

साडेसात. पावणेआठ. कापूस जागच्या जागी. श्रीरामभाऊ हळूच बाबांना म्हणाले, "आज साहेब आला त चोर काहाले येते..." आणि थांबले.

पोत्यांजवळचा कापूस बाजूला सरकला.

कसं सांगू... रेघ होती ना, ती मधून उघडली. कापूस दोन्ही भिंतींकडे लोटला गेला, मग भिंतीला घासत उलट्या दिशेनं, पोत्यांकडे वाहू लागला. आणि भिंतीवर, जिथवर पाणी होतं तिथे खाली ओला पट्टा उघडा पडला. बोटभर. तो ओला पट्टा आमच्याकडे चालत येत होता. पट्टा म्हणजे तसा बराच लांब, त्याच्या पुढे पाणी किंचित फुगलेलं, आणि मागे पाणी परत भरत यायचं. आवाज अजिबात नाही. ऊन होतं, शेळ्या ओरडत होत्या, लांब कुठेतरी थ्रेशर चालू होतं, आणि हे एवढं आवाज न करता आमच्या गुडघ्यांखालून गेलं.

बांधलेलं मॉडेल आधी भिंतीकडे रेटलं गेलं. मग दोरी ताणून पुलाच्या मध्याकडे ओढलं गेलं... इतकं की दोरी कडक झाली, मग सैल पडली, मग पुन्हा भिंतीला टेकलं.

बाबा त्याच्याबरोबर चालू लागले. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण ते नुसते चालत होते, रोज बैलजोडीबरोबर चालतात तशा चालीनं, पाण्याकडे बघत. गेटापर्यंत गेले. तिथे पाणी गेटाला लागून थोडं वर चढलं, उतरलं. संपलं. गाठीवरची पट्टी जशीच्या तशी होती.

बाबा परत आले. म्हणाले, "भरेल होतं ते."

"काय भरलेलं?" सरांनी विचारलं.

"मले का माईत. पण रिकामं नोयतं. नाल्यातून रिकामी बैलबंडी नेली त पानी असं ओढत नाई साहेब. भरेल असली की ओढते."

सर लॉगर उघडून बसले. मी त्यांच्या मागे उभी राहून पाहिलं. टेकडी, दरी, टेकडी. माझ्याच ग्राफसारखी, सेन्सर वेगळा असून.

श्रीरामभाऊ खिशातून मेमो काढून पुढे आले. "आता लिहून द्या मॅडम. पानी म्या नाई सोडलं."

मी तिथेच वहीच्या पानावर लिहिलं. अमुक तारखेला, अमुक वेळी पाण्याची पातळी उतरली व भरली. गेट बंद होतं. पाणी बाहेर गेलेलं नाही. सही केली. त्यांनी तो कागद सरांपुढे धरला. "साहेब, तुमी पाह्यलं ना? तुमची बी करा."

सर वायर गुंडाळत होते. "मॅडमची झाली ना. पुरेशी आहे."

"पेन देऊ का साहेब?"

"मी बघतो नंतर," सर म्हणाले आणि हँडल द्यायला डिकीकडे गेले. श्रीरामभाऊंनी कागद खिशात घातला. माझ्या एकटीच्या सहीवर मेमो मागे घेतला गेला नाही. 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा पडला आणि त्यांना त्या कालव्यावरून हलवून दुसऱ्या चारीवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या फाट्यावर टाकलं.

परतताना अकोटला आम्ही आलुबोंडे खायला थांबलो. सरांनी खाल्ले नाहीत.

"तू गणित करून बघितलंस?" त्यांनी विचारलं.

मी गाडीतच केलं होतं. माझं पाचव्या भागाचं उलटं गणित. लांबी नऊ मीटरच्या आसपास. वेग माणूस रमतगमत चालतो त्याहून जरा कमी. इथवर ठीक. पण पाण्यात बुडालेला भाग एकतीस सेंटिमीटर येत होता. पुलावर पाणी होतं अठरा. उरलेले तेरा सेंटिमीटर सिमेंटच्या आत जात होते. मी तीनदा केलं. जे काही गेलं त्याचा तळ आमच्या पाण्याच्या तळाखाली होता, आणि तरी ते कुठे घासलं नाही की अडकलं नाही.

मी कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी पाहून उलटा केला.

"हे पाच रन वगळ. बाकीच्यांना सलग नंबर दे. मी सही करतो."

"सर, परवा म्हणालात मी खोटा डेटा बनवला. आता खरा आहे तर वगळू?"

"खरा आहे म्हणूनच. खोटा असता तर तुला नापास करून मोकळा झालो असतो. याचं मी काय करू? माझी चाळीस वर्षांची नोकरी आहे, वर्षा. तुझी तर सुरूही व्हायचीय."

मी रन वगळले. माझी हिंमत तेवढीच झाली, खोटं कशाला बोलू. पण नंबर बदलले नाहीत. तक्त्यात तेहतीसनंतर पस्तीस, अडतीसनंतर चाळीस, असेच ठेवले. सरांनी ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी सही केली.

मधल्या काळात मी संशय सोडला होता असं समजू नका. कुणीतरी दोरीनं पाण्याखालून फळी ओढली असेल? फळी दिसली असती, पाणी नितळ होतं. सरांनीच काही केलं असेल? कशाला? पुढच्या जानेवारीत मी सुट्टी काढून तोच पूल, तेवढंच पाणी, तीच वेळ, सलग आठ सकाळी बसले. कापूस हलला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. समुद्रकाठचे, वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा. हॉलमध्ये विभागातले वीसेक लोक. बाबा आले नाहीत, गुरुवार होता. परीक्षकांनी दोन तास सोलून काढलं. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "चौतीस कुठे आहे? एकोणचाळीस? पंचेचाळीस?"

मी सरांकडे पाहिलं नाही. म्हटलं, "वगळले आहेत. त्यांचं कारण मला सांगता येत नाही म्हणून."

"दाखवा."

लॅपटॉपवर चौतीस उघडला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाहिलं आणि सहज विचारलं, "दुसरं मॉडेल केवढं होतं?"

"दुसरं मॉडेल नव्हतं सर."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. ते हळू म्हणाले, "बाई, हे एकट्या जहाजाचं नाही. मी आयुष्यभर हेच पाहिलंय. एक तर दुसरं जहाज होतं, नाही तर हा ग्राफ तुम्ही हातानं काढलाय. तिसरं काही नसतं. कोणतं ते सांगा."

मला तिसरं काही सांगता येत नव्हतं. सहा वर्षं, आणि मी म्हणाले, "हातानं काढलेला नाही." एवढंच. पुढे पुरावा काय देणार? वहीचं एक पान, माझीच सही असलेलं.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर उभे होते.

"तिनं काढलेला नाही," सर म्हणाले. "शेवटचा रन मी घेतलाय. माझ्या लॉगरवर. मी तिथे उभा होतो. पाण्यात दुसरं काही नव्हतं, आणि ते आमच्यासमोरून गेलं."

आता कुणी हसलं नाही. परीक्षकांनी सरांकडे बराच वेळ पाहिलं. दोघं जुने ओळखीचे असावेत. मग त्यांनी पाचही रन मागून घेतले, एकटे बसून पाहिले आणि दुरुस्ती म्हणून तक्त्याखाली तीन ओळी घालायला सांगितल्या. इंग्रजीत आहेत, मराठीत अशा: 'रन ३४, ३९, ४५, ५१ व ५२ विचारात घेतलेले नाहीत. या वेळी पाण्यात दुसरे मॉडेल नव्हते, गेट बंद होते व पाणी बाहेर काढले गेले नव्हते. पातळीतील बदलाचे कारण समजलेले नाही.' त्या पानावर माझी, सरांची आणि परीक्षकांची, तिघांच्या सह्या आहेत. परीक्षकांनी मला एकच प्रश्न खासगीत विचारला, ते कुठल्या दिशेनं गेलं. मी म्हटलं, वर, डोंगराकडे. त्यांनी नकारार्थी मान हलवली, जसं काही जहाजानं डोंगराकडे जाणं चूकच होतं.

त्या पानाची झेरॉक्स घेऊन मी श्रीरामभाऊंकडे गेले. नव्या चारीवर, हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसले होते. मी मराठीत वाचून दाखवलं. 'पाणी बाहेर काढले गेले नव्हते' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. तीन सह्या बोटानं मोजल्या. सरांची कोणती ते विचारलं. घडी करून कागद आतल्या खिशात घातला.

"आता ऑफिसात दाखवतो," म्हणाले. मग बाजूला सरकून, "बस वर्षा. डॉक्टर झाली म्हणे तू."

"हो भाऊ."

"मंग सांग. होतं काय ते?"

डॉक्टर झाल्यावर मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. चारीतून पाणी चाललं होतं.

"मले माईत नाई, भाऊ," मी म्हटलं.